तोंडातलं नको, छातीतलं दे

पुणे,
१८ फेब्रुवारी २०२४

ती. अमृतमामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

परवा फोन केला तो माझाच गाढवपणा. तुम्ही पलीकडून कोण बोलतंय, कोण बोलतंय असं विचारत राहिलात आणि शेवटी राँग नंबर म्हणून ठेवून दिलात. सगळी नोकरी एसटीच्या इंजिनाशेजारी बसून काढलेल्या माणसाच्या कानांकडून जास्त अपेक्षा करू नये हे विसरले होते. तेव्हा आपली जुनी रीतच बरी. शिवाय माझं पत्र तुम्ही अंगणात बसून खड्या आवाजात वाचता आणि आई हातातलं काम टाकून ऐकायला येते, हेही मला माहीत आहे.

मी काय करते असं गावात कुणी विचारलं की तुम्ही छातीची डॉक्टर म्हणून ठोकून देता. मामा, मी डॉक्टर आहे ती संशोधनाची, सुई टोचणारी नाही. एकदा नीट सांगते, म्हणजे पुढच्या वेळी खरं सांगाल. फुप्फुसात जंतू किंवा धूळ शिरली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात. त्यांच्याजवळ इलास्टेज नावाचं एक एन्झाइम असतं, शाळेत आपण विकर म्हणायचो ते. त्याला विळा समजा. तण कापून झालं की विळा घेऊन घरी जायचं, हा नियम. पण धूळ रोजच येत राहिली तर या पेशी परत जातच नाहीत. छातीत कायमचा दाह होऊन बसतो आणि विळा उभ्या पिकावर, म्हणजे फुप्फुसाच्या नाजूक जाळीवरच चालायला लागतो. आपल्याला दिसतो तो फक्त खोकला आणि दम. या विळ्याचा हात धरणारं एक प्रथिनही शरीरात असतं. ते कुणात आणि का कमी पडतं, हे मला शोधायचं आहे.

आजवर आम्ही शहरातले सिगारेट ओढणारे तपासले. पण ज्यांनी आयुष्यात बिडीला हात लावला नाही अशा बायांनाही हा आजार होतो, त्यांच्याकडे फारसं कुणी बघितलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर सारखा आपल्या शिरडचा हळद पॉलिशचा ड्रम येतो, वाळलेली हळद घुसळून साल काढताना उडणारी ती धूळ. मार्चमध्ये मी तिथे येऊ इच्छिते. ड्रमवरच्या बायांचा कफ हवा, म्हणजे आपल्याकडचा बेडका. नांदेडच्या एक डॉक्टर बाई बरोबर असतील, त्या प्रत्येकीची छातीही तपासतील. बायांशी बोलून ठेवाल का? आणि आईलाही तयार करा. बाबा गेल्यावर ती माहेरी तुमच्या आधाराला आली तेव्हापासून दर मोसमाला ड्रमवर जाते. फोनवर मध्येच तिचा आवाज बंद होतो. ती तोंडावर पदर धरते, मला कळतं.

मामींना जयभीम. आहे ती माया कमी होऊ देऊ नका, ही विनंती.

आपली,
दीक्षा

*

शिरड शहापूर,
२६ फेब्रुवारी २०२४

चि. दीक्षा हीस,
अ. उ. आ. व सप्रेम जयभीम.

पत्र पोचले. तीनदा वाचले. पहिल्यांदा अंगणात, दुसऱ्यांदा विहारात मंडळींच्या आग्रहावरून, आणि तिसऱ्यांदा एकट्याने, विळ्याची गोष्ट मला स्वतःला कळावी म्हणून. आता मी ती कुणालाही सांगू शकतो. काल वसमतला हळदीच्या मार्केटात एका दलालाला सांगितली तर तो आपला भाव सांगायचा विसरला.

गावात चर्चा भलतीच रंगली आहे. लोकांच्या पोरी पुण्याला जाऊन कम्प्युटरमध्ये डोकं घालतात आणि अमृतरावाची भाची बेडके गोळा करायला येऊन राहिली, असं जळबा म्हणाला म्हणे. मला ऐकू आलं नाही, पण त्याचं तोंड पाहून अंदाज आला. मी त्याला म्हटलं की बाबा, सोनार राखेत सोनं शोधतो तेव्हा तू हसत नाहीस.

ड्रमवाल्या सोनाजीचं म्हणणं मात्र वेगळं आहे. तो माणूस वाईट नाही. तो म्हणतो की हळद साऱ्या जगाची सूज उतरवते, जखमेला हळद, खोकल्याला हळद, मग हळदीच्या धुळीनं छाती सुजेल कशी? उलट त्याच्या मते ड्रमवरच्या बाया फुकटात औषध घेतात. खरं सांगू, निम्म्या बायाही हेच मानतात. संध्याकाळी पिवळ्याधमक होऊन घरी जातात आणि एकमेकींना नवरी म्हणून हसतात. पारुबाईची नवी सूनही यंदा त्यातच. तेव्हा तुझ्या परीक्षेवर बरंच अवलंबून आहे. धूळ औषध निघाली तर सोनाजी ढोल वाजवील, विष निघाली तर त्याला ड्रमला झाकण आणि धूळ ओढणारा पंखा बसवावा लागेल. तसं त्यानं चारचौघांत कबूल केलं आहे.

बाया येतील. आपल्या पारुबाईनं आपल्या लोकांकडचं पत्करलं आहे आणि तांड्यावरचं भिकाबाईनं. राहिली तुझी आई. ती म्हणते मला काही झालेलं नाही, मी कशाला देऊ. सोजराचं म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची, लहानपणापासून. बघू.

ये लवकर. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
अमृतमामा

*

शिरड शहापूर,
२० मार्च २०२४

चि. दीक्षा हीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलीस, बरे वाटले. तू गेल्यापासून गावात दुसरा विषय नाही.

तू विहारात सतरंजीवर मांडी घालून बसलीस, समोर ती बर्फाची पेटी आणि काचेच्या पट्ट्या, आणि एकेका बाईला मावशी, काकी म्हणत नाव विचारलंस, हे मी दारातून पाहत होतो. मला शब्द ऐकू येत नाहीत म्हणून माणसांचे चेहरे जास्त दिसतात. भिकाबाई तुझ्यापुढं बसली तेव्हा आधी आखडून होती. तू तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी विचारलंस आणि ती एकदम मोकळी झाली. नंतर मी तिला विचारलं तर म्हणाली, पोरीनं विचारलं की धाप लागते तेव्हा रात्री उशीला टेकून झोपता का. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं म्हणते. दवाखान्यात गेलं की वर न बघताच गोळ्या लिहितात.

बायाही कशा नटून आल्या होत्या ते पाहिलंस ना? धुतलेली लुगडी, वेणीफणी. कामावरच्या बाया अशा मी लग्नातच पाहिल्या आहेत. मला अभिमान वाटला, हे उगाच लपवत नाही. ड्रायव्हरच्या सीटवरून मी पुष्कळ मोठी माणसं उतरताना चढताना पाहिली, पण आपल्या घरचं माणूस मोठं झालेलं पाहणं निराळंच.

सोजरा तुझ्यापुढं बसली नाही याचं वाईट वाटून घेऊ नको. चहाच करत राहिली दिवसभर. पण तू गेल्यावर तू बसली होतीस त्या जागची सतरंजी तिनं दोन दिवस उचलू दिली नाही.

निकाल कळव. सोनाजीही वाट पाहतो आहे. मायेत खंड नसावा.

तुझा,
अमृतमामा

*

पुणे,
१० एप्रिल २०२४

ती. अमृतमामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

जयंतीच्या आधी वाईट बातमी लिहू नये, पण थांबायला वेळ नाही.

निकाल आले. बायांच्या कफात इलास्टेज जवळजवळ नाहीच. दाहाची खूण नाही. कागदावर बघितलं तर ड्रमवरच्या बायांच्या छात्या पुण्यातल्या माणसांपेक्षाही ठणठणीत आहेत. आमचे सर म्हणाले की बघ, हळदीची धूळ निरुपद्रवी दिसते, तसं लिहून टाक आणि उरलेलं काम शहरातल्या नमुन्यांवर पुरं कर. म्हणजे सोनाजीमामाच बरोबर ठरले आणि पंखा, झाकण काही बसायचं नाही. तेसुद्धा माझ्या सहीनं.

मला हे पटेना. भिकाबाईंची छाती मी स्वतः कान लावून ऐकली होती, आत शिट्ट्या वाजत होत्या. म्हणून मी तिथेच तयार केलेल्या काचपट्ट्या पुन्हा काढल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बघत बसले. सबंध शनिवार-रविवार गेला. आणि मामा, त्या पट्ट्यांवर छातीतल्या पेशी नव्हत्याच. सगळ्या पापडासारख्या पसरट, मोठ्या पेशी. त्या गालाच्या आतल्या बाजूच्या असतात. एकीचं झालं असतं तर समजले असते, काहींना खोकून काढता येत नाही. पण सगळ्यांच्या सगळ्या तशाच. म्हणजे मला छातीतला कफ मिळालाच नाही, मिळाली ती तोंडातली लाळ. मी लाळ मोजून छाती चांगली आहे असं म्हणत होते.

सरांना पट्ट्या दाखवल्या. त्यांनी मान्य केलं आणि पुन्हा नमुने आणायला एप्रिल अखेरपर्यंत मुदत दिली. त्यानंतर ड्रमही बंद होतील आणि हा अभ्यास आपल्या गावाशिवाय पुढे जाईल. धूळ निरुपद्रवी आहे असं नुसतं गप्प बसण्यातूनही लोक समजतात.

काय चुकलं ते माझ्या लक्षात येत नाही. सकाळी विहारात आल्यावरच खोकून द्यायचं असं मी प्रत्येकीला सांगितलं होतं. तुम्ही चौकशी कराल का? कुणावर रागावू मात्र नका.

लोभ आहेच, तो या संकटातही राहू द्यावा.

आपली,
दीक्षा

*

शिरड शहापूर,
१६ एप्रिल २०२४

चि. दीक्षा हीस,
अ. उ. आ.

जयंती छान झाली. पण तुझे पत्र खिशात होते, त्यामुळे माझे लक्ष मिरवणुकीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी भिकाबाईला गाठले. ती आधी हसली, मग माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली तेव्हा सगळा उलगडा झाला. तू यायच्या आदल्या दिवशी तुझी आई आपल्या वस्तीत घरोघर आणि नंतर तांड्यावर जाऊन सांगून आली होती. माझी लेक पुण्याहून येणार आहे, तिच्या हातात घाण देऊ नका. पहाटे घरीच चांगलं खाकरून सगळं टाकून द्या, मीठ-पाण्यानं चुळा भरा आणि मग स्वच्छ तोंडानं या. बाया तशाच आल्या. पाव्हण्याला खरकट्या ताटात वाढत नाहीत, तसा त्यांनी तुझा मान राखला. नटून का आल्या होत्या ते आता मला कळले.

मी घरी येऊन सोजराला विचारले. तुझे पत्र तिला पुन्हा वाचून दाखवले. पापडासारख्या पेशी आल्या तिथे ती उठून आत गेली. मला वाटले चुकीचे वाईट वाटले असेल. मागे गेलो तर न्हाणीच्या आडोशाला तोंडावर पदराचा बोळा धरून खोकत होती. किती वेळ खोकत होती कोण जाणे. मला ऐकू येत नाही याचा तिने इतकी वर्षं फायदा घेतला, दीक्षा.

मग ती माझ्यासमोर बसली आणि मला ऐकू जावे म्हणून मोठ्याने बोलली. तिचे शब्द आहेत तसे लिहितो.

"दादा, आज्जी सांगायची ते इसरलास का? तिकडं पुण्याकडं पेशव्याच्या राज्यात आपल्या मान्साच्या गळ्यात गाडगं बांधायचे, आपली थुंकी भुईवर पडू नये म्हून. आन् आता माझ्या लेकरानं इतकं शिकून, त्याच पुण्याहून येऊन, समद्यांची थुंकी हातानं उचलावी व्हय? माझ्यानं पाहवलं न्हाई. द्यायचीच हाय तर धुऊन द्या म्हणलं."

 तिचे चुकले म्हणावे तर जीभ उचलत नाही, बरोबर म्हणावे तर तुझे काम बुडते. मी आयुष्यभर लोकांना ठिकाणावर पोचवले, पण इथे कोणता रस्ता धरावा ते कळेना. तूच तिला लिही. मी वाचून दाखवीन.

काळजी करत बसू नको, जेवत जा. जीव इकडेच आहे.

तुझा,
अमृतमामा

*

पुणे,
१९ एप्रिल २०२४

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

मामा, हे पत्र आईचं आहे. हळू वाचलंत तरी चालेल, सगळ्या गल्लीनं ऐकायला नको.

आई, तुझं बोलणं मामांनी लिहिलं ते वाचून मी प्रयोगशाळेतच रडले. माझ्या शेजारच्या मुलीला वाटलं माझा प्रयोग फसला. मी तिला म्हटलं की प्रयोग फसला ते खरं, पण रडते आहे ते त्यासाठी नाही. तू माझ्यावर रागावली नाहीस, मला अडवलं नाहीस, माझे हात स्वच्छ राहावेत म्हणून तांड्यापर्यंत चालत गेलीस. दम लागत असताना गेलीस.

पण आता माझं ऐक. इथे येणारा कफ मी हातमोजे घालून घेते, काचेखाली जपते, आणि इतक्या थंड फ्रीजरमध्ये ठेवते की तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. कुपीवर नाव नसतं, गाव नसतं, जात नसते, नुसता आकडा असतो. बंगल्यातल्या माणसाची कुपी आणि रिक्षावाल्याची कुपी एकाच खणात उभ्या असतात, आणि कुणाची कुठली ते मलाही सांगता येत नाही. आम्ही त्यातून फक्त एवढंच विचारतो की आत काय चाललं आहे. आणि आई, ते फक्त कफच सांगू शकतो. रक्त सगळ्या शरीराची हकीकत सांगतं, फोटो जुनी मोडतोड दाखवतो. आज या घटकेला छातीत विळा चालतो आहे की नाही, हे त्या घाणीतच लिहिलेलं असतं. तू जे धुऊन टाकायला सांगितलंस, नेमकं तेच मला हवं होतं.

आज्जीची गोष्ट मला माहीत आहे. ती लाज आपली नव्हती, दुसऱ्यांनी आपल्या गळ्यात घातली होती. मग आपण ती अजून काहून सांभाळायची?

मी २७ तारखेला येते आहे. या वेळी मिठाच्या पाण्याचं बारीक धुकं देणारं यंत्र आणते, त्यानं खोल खोकला येतो. तोंडातलं नको, छातीतलं दे. आणि दुसऱ्यांकडून देववण्याआधी तुझं दे. मला भीती वाटते म्हणून मागते आहे, अभ्यासासाठी नाही.

तुझ्या मायेवरच सगळं चाललं आहे, ती असू दे.

तुझी,
दीक्षा

*

शिरड शहापूर,
४ मे २०२४

चि. दीक्षा हीस,
अ. उ. आ.

तू आत काचपट्ट्यांच्या मांडामांडीत होतीस, त्यामुळे बाहेर काय झाले ते तुला माहीत नाही. ते तुला कळले पाहिजे.

तू येण्याच्या आदल्या दिवशी सोजरा पुन्हा सगळ्या घरांना जाऊन आली. या वेळी उलटे सांगायला. कुणी खाकरायचे नाही, कुणी चूळ भरायची नाही, जसे आहे तसे घेऊन या. लोक म्हणाले ही बाई मागच्या महिन्यात एक सांगत होती, आता दुसरेच सांगते. तिने कुणाला काही समजावले नाही, फक्त पहिला नंबर माझा आहे, एवढे सांगितले. 

सकाळी विहाराच्या ओट्यावर बाया बसल्या होत्या, समोर सोनाजी, जळबा आणि आणखी पाच-सात पुरुष गंमत पाहायला उभे. अशा वेळी कोण बाई खोकून दाखवील? पारुबाई भिकाबाईकडे बघते, भिकाबाई खाली. सोजरा त्या सगळ्यांच्या देखत उठली. डॉक्टर बाईंनी ओट्यावर आणून ठेवलेल्या तुझ्या यंत्राची नळी तिने तोंडाला धरली, आणि इतके दिवस पदराआड दाबलेले सगळे बाहेर आले. मला ऐकू येत नसताना तिचा खोकला मला पायाखालच्या फरशीतून कळला. नंतर तिने ती डबी कुणाला दिली नाही. डॉक्टर बाईंनी हात पुढे केला तरी नाही. आत तुझ्यापाशी येऊन, तुझ्या हातात दिली. तू ती उजेडाला धरून पाहिलीस आणि चांगली आहे म्हणालीस, असे भिकाबाईने मला नंतर सांगितले. सोजराच्या चेहऱ्याकडे तुझे लक्ष नव्हते. माझे होते. पोरीच्या हाताने मेडल घ्यावे तसा झाला होता.

त्या दिवशी जळबा हसला नाही. आणि सोनाजी डोक्याची टोपी काढून उभा होता, त्याची बायकोही त्या रांगेत होती हे त्याला बहुतेक तेव्हाच आठवले.

आता फक्त तुझ्या निकालाची वाट. तो कसाही असो, तुझ्याबद्दलचा आमचा विचार बदलायचा नाही.

तुझा,
अमृतमामा

*

पुणे,
२१ जून २०२४

ती. अमृतमामा व ती. आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मामा, हे पत्र आईसमोर वाचा आणि एकही ओळ गाळू नका. तुम्ही गाळाल याची मला खात्री आहे म्हणून आधीच सांगते.

या वेळच्या पट्ट्यांवर छातीतल्या पेशी होत्या. इलास्टेज इतकं निघालं की मला आधी यंत्र बिघडलं असं वाटलं. पुन्हा मोजलं, आमच्या एका सहकाऱ्याकडून स्वतंत्र मोजून घेतलं, तेवढंच. विळ्याचा हात धरणारं प्रथिनही होतं, पण बहुतेक सगळं निकामी झालेलं. सरांनी शेजारच्या खोल्यांतून माणसं पडद्यासमोर बोलावून आणली. शहरातल्या पक्क्या सिगारेटवाल्यांच्या बरोबरीच्या या छात्या आहेत, असं ते सगळ्यांना सांगत होते. सोनाजीमामांना सांगा की हळदीचा दोष नाही. त्या धुळीत हळद थोडी असते, साल आणि माती फार, आणि ती ताटातून पोटात गेली तर गोष्ट वेगळी, श्वासातून गेली तर वेगळी. त्यांना मी वेगळं पत्र आणि पंख्याचा नकाशा पाठवते.

काम पुरं झाल्यावर नांदेडच्या डॉक्टर बाईंनी आकड्यांची नावं उघडली. ज्यांचं प्रमाण सगळ्यांत जास्त, त्यांना ताबडतोब तपासणीला बोलवायचं ठरलं. त्यात पहिलं नाव आईचं आहे.

आई, खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. कफाच्या आकड्यांवरून आणि डॉक्टर बाईंनी विहारात केलेल्या तपासणीवरून दिसतं ते असं की तुझ्या फुप्फुसाची बरीच जाळी झिजली आहे. झिजली ती परत विणली जात नाही. ओढायचं औषध देतील त्यानं दम कमी होईल, आणि ड्रम सोडलास तर पुढची झीज मंदावेल. हा विळाच थांबवील असं औषध शोधायला जगात पुष्कळ लोक झटत आहेत, आता मीही. पण तुझ्या उपयोगी पडेल इतक्या लवकर माझ्या हातून ते होईल, असं मला वाटत नाही. मी वीस वर्षं शिकले आणि तुला द्यायला माझ्याजवळ एवढंच आहे.

माझ्यावरची माया मागण्याचा आज धीर होत नाही.

तुमची,
दीक्षा

*

शिरड शहापूर,
२ जुलै २०२४

चि. दीक्षास तुझ्या आईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

दादाला म्या सांगितलं हाय, मी बोलंन तसंच लिही, तुझं शहाणपण मधी घालू नको. त्यानं तुझं पत्र वाचताना गाळलंच. मला पुरं ऐकू येतंय, त्याला येत न्हाई. रोज गल्लीला ऐकू जाईल असा वाचणारा माणूस एकदम पुटपुटाया लागला, तवाच म्या वळखलं. म्हणलं, मागं जा आन् मोठ्यानं वाच. मग वाचलं त्यानं. रडलाबी. लिही दादा, रडला म्हून लिही.

नांदेडला जाऊन आले. डॉक्टर बाई चांगली हाय. ओढायचं औषध देलं, सकाळ संध्याकाळ घेऊन राहिले. दम बराच हलका झाला. ड्रम सोडला. सोनाजीनं येत्या मोसमाच्या आधी पंखा बसवतो म्हून विहारात येऊन सांगितलं, आन् त्याच्या बायकोला घेऊन तोबी नांदेडला गेला. भिकाबाईला तुझा निरोप सांगितला. ती तांड्यात सांगत फिरते का माझी छाती पुण्याच्या मोठ्या लोकांनी पाहिली.

तू लिहिलं, द्यायला एवढंच हाय. असं लिहू नको. माझ्या छातीत काय चाललं हाय ते मला ठाव नव्हतं, डॉक्टरला ठाव नव्हतं, सोनाजीला ठाव नव्हतं. तुला समद्यांनी न्हाई म्हणलं तरी तू पुन्हा काचंतून बघत बसलीस. कुणाची लेक बघते इतकं? म्या तुला शिकवलं न्हाई, मला अक्षर येत न्हाई. पर तुझं काम मला कळलं. गावात आता कुणी पुसलं का तुझी दीक्षा काय करते, तर मीच सांगते, दादाला बोलू देत न्हाई.

अजून लागला तर माझा कफ घेऊन जा. दर वर्षाला घे. आजार कसा पुढं सरकतो ते पाहाया लागत असंल ना तुला. मी जिती हाये तोवर देते, लाजणार न्हाई.

म्या दादाला इचारलं, पोरीचं औषध याया किती वर्षं लागतील. तो म्हणला, दहा, पंधरा, कोण सांगावं. म्हणलं मग माझ्यासाठी जीव टाकू नको म्हून लिही. टायमावर जेव, झोपत जा. माझं व्हायचं ते होईल.

पर पारुबाईची सून यंदा पहिल्या बारीला ड्रमवर लागली. बावीस वर्षांची हाय, आन् आत्ताच खोकून राहिली. परवा माझ्या जवळ बसली व्हती तर म्या तिला सांगितलं, तुझ्यासाठी माझी लेक बसली हाय तिकडं. तवा तिच्यासाठी घाई कर.

तुझी आई,
सोजराबाई